मासेमारांच्या दारी गेलेले विद्यापीठ

संत फ्रान्सिस झेवियरचे नाव निघाले की आपले मन जुन्या गोव्याकडे धाव घेते. त्याच संताच्या नावाचे एक विद्यापीठ कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतातील अँटिगोनिश या गावी आहे. विद्यापीठातील ज्ञान चार भिंतींबाहेर समाजात किती पोहोचले, ते मोजावे कसे आणि एका विद्यापीठाची दुसऱ्याशी तुलना करावी कशी, याचा आज देशोदेशी खल चालतो. अशा वेळी आम्हांला या लहानशा कॅथॉलिक विद्यापीठाची आठवण होते.

गेल्या शतकाच्या आरंभी त्या किनाऱ्यावरचा मासेमार कर्जात बुडालेला होता. जाळी आणि मीठ उधारीवर देणारा व्यापारीच मासळीचा भाव ठरवी. दर्यावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना ही कहाणी निराळी सांगायला नको! तरुण मुले घरदार सोडून बोस्टनची वाट धरीत.

फादर जिमी टॉम्पकिन्स हे या विद्यापीठातील एक धुरीण. १९१२ साली ते लंडनला विद्यापीठांच्या परिषदेस गेले आणि सामान्य माणसाच्या शिक्षणाचा ध्यास घेऊनच परतले. १९२१ साली त्यांनी ‘लोकांसाठी ज्ञान’ अशा अर्थाच्या शीर्षकाची पुस्तिका काढली, आणि त्याच वर्षी प्रौढांसाठी ‘लोकशाळा’ भरवली. पुढे मात्र प्रांतातील विद्यापीठांच्या एकीकरणाच्या प्रश्नावर त्यांचे बिशप मॉरिसन यांच्याशी मतभेद झाले, आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कान्सो या दरिद्री बंदरगावी झाली. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ही बदली झाली नसती तर विद्वान टॉम्पकिन्स आणि उपाशी मासेमार यांची गाठ इतक्या जवळून पडली असती का, याची शंकाच आहे.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडा आपल्या राष्ट्रसंघाचा साठावा वाढदिवस साजरा करीत असता कान्सोचे मासेमार एकत्र जमले आणि ‘आम्ही कशाचा आनंद करावा?’ असा सवाल त्यांनी मांडला. त्यातून निर्माण झालेल्या क्षोभाची दखल सरकारला घ्यावी लागली. चौकशीसाठी आयोग बसला आणि त्याने मासेमारांच्या सहकारी संघटनेची शिफारस केली. १९२८ साली विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला. त्याचे पहिले संचालक फादर मोझेस कोडी हे टॉम्पकिन्स यांचेच नातलग होते.

कोडींची रीत साधी होती. प्रथम गावात जाहीर सभा घ्यायची, मग आठदहा जणांचे अभ्यासमंडळ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसवायचे. प्रश्न घरचाच असे: आपल्या शेवंडीला भाव इतका कमी का? उत्तर शोधता शोधता हिशेब कळे, बाजारपेठ कळे. अखेर माणसे स्वतः काही उभारण्यास सिद्ध होत. लिटल डोव्हर या वस्तीच्या मासेमारांनी शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना स्वतःच्या हातांनी बांधला. १९३२ साली प्रांतात कायदा झाल्यावर पतसंस्थाही उभ्या राहू लागल्या. (पतसंस्थेच्या बाबतीत वसईकरांना थोडा अभिमान वाटण्यास हरकत नाही. मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी आपली कॅथॉलिक बँक १९१८ सालीच काढली होती. परंतु तिच्यामागे असे एखादे विद्यापीठ नव्हते.)

मोजदाद या विभागानेही ठेवली. पहिल्या वर्षाच्या कामाची नोंद अशी आहे: सभा १९२, श्रोत्यांची एकूण हजेरी १४,८५६, अभ्यासमंडळे १७३, त्यांचे सभासद १,३८४. यांतला मोठा आकडा आम्हांला सर्वांत पोकळ वाटतो. दोन सभांना आलेला एकच गृहस्थ त्यात दोनदा मोजला जातो, आणि सभेत डुलकी घेणाराही मोजला जातो. १,३८४ हा आकडा त्यामानाने लहान, पण अधिक खरा, कारण ती माणसे आठवड्यामागून आठवडे कंदिलाच्या उजेडात पुस्तिका वाचीत बसली. त्याहून खरा आकडा आणखी लहान आहे. रिझर्व्ह माइन्स येथील काही खाणकामगारांनी घरबांधणीचा अभ्यास केला, पुठ्ठ्याचे नमुने करून पाहिले, आणि १९३८ च्या सुमारास सहकाराने घरे बांधली. ती अवघी अकरा! त्या वस्तीला त्यांनी टॉम्पकिन्सव्हिल असे नाव दिले.

मार्च २०२१ मध्ये इंग्लंडमधील ‘रिसर्च इंग्लंड’ या संस्थेने तेथील विद्यापीठांच्या ज्ञान-विनिमयाचे तुलनात्मक मोजमाप प्रथमच प्रसिद्ध केले. त्यात एक शहाणपणा होता. लहानाला थोराशी न भिडवता सारख्या जातकुळीच्या विद्यापीठांचे गट पाडून तुलना केली होती. उद्योगांशी भागीदारी, संशोधनातून निघालेली मालमत्ता अशा एकूण सात अंगांनी पाहणी झाली, आणि बहुतेक अंगे पैशाने मोजता आली. परंतु स्थानिक उन्नती आणि जनतेशी संबंध ही दोन अंगे आकड्यांत मावेनात. तेथे विद्यापीठांनी आपले काम शब्दांत वर्णन करून सांगितले, आणि जनसंपर्काच्या बाबतीत तर स्वतःला गुणही स्वतःच दिले. अँटिगोनिशचे सारे काम नेमके या दोनच रकान्यांत बसले असते.

काळाच्या कसोटीला मात्र कुणाची सुटका नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासमंडळे ओसरली, कित्येक सहकारी संस्था साध्या दुकानदारीवर आल्या. घडलेले सगळेच टिकले असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. कोडी १९५९ साली निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि आशिया-आफ्रिकेतून, त्यात भारतातूनही, कार्यकर्ते तेथे शिकण्यास जाऊ लागले.

टॉम्पकिन्स १९५३ सालीच गेले होते. १९३५ पासून ते रिझर्व्ह माइन्स येथे धर्मगुरू होते, आणि आपल्याच निवासस्थानी त्यांनी लोकांसाठी वाचनालय उघडले होते.