गूळपाणी ते सोडा : आपल्या पाहुणचाराचा बदलता इतिहास

घाटमाथ्यावरील जुन्या घरांत पाहुणा ओसरीवर टेकला, की प्रथम पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे येत असे. ही रीत आपल्या पूर्वजांनी देशावरून आणली म्हणावी, तर आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या घरीही ती तितकीच जुनी आहे. पाहुणा बहुधा पायी आलेला असे. चढण चढून, ओढे ओलांडून आलेल्या माणसाला सुपारीएवढा गूळ आणि तांब्याभर पाणी मिळाले, की त्याचा शीण उतरे; मग ख्यालीखुशाली, मग जेवणाचा आग्रह.

आज त्याच ओसरीवर फ्रिजमधून दोन लिटरची प्लास्टिकची बाटली निघते. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, कोणतेही कार्य असो. फेसाळ गोड पाण्याचे पेले फिरल्यावाचून यजमानाला आपले कर्तव्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. बोलीत आपण त्याला ‘सोडा’ म्हणतो, ‘थंडा’ म्हणतो. हा पालट कसा घडला आणि त्याची किंमत आपल्या शरीराने कशी मोजली, याचा थोडा ऐतिहासिक धांडोळा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

सोडावॉटरचा जन्म औषधाच्या हेतूने झाला. १७६७ साली इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टले या विद्वानाने शेजारच्या मद्याच्या कारखान्यात आंबणाऱ्या पिंपावर साठणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. १७७२ मध्ये त्याने या कृतीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. दर्यावर्दी खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर हे पाणी उपयोगी पडेल, अशी त्याची समजूत होती. ती खरी ठरली नाही; परंतु पाणी लोकप्रिय झाले. १७८३ साली जिनिव्हा येथे याकोब श्वेप्पे याने त्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने मानेत काचेची गोटी बसविलेली बाटली सिद्ध केली. आतील वायूच्या दाबाने गोटी रबरी कड्यावर घट्ट बसे आणि बूच लागतच नसे. आपल्या पिढीने लहानपणी पाहिलेली ‘गोटी सोड्या’ची बाटली ती हीच.

हिंदुस्थानात हे पाणी साहेबलोकांबरोबर आले आणि पारशी उद्योजकांनी त्याला बाजार मिळवून दिला. मुंबईत १८८९ साली दिनशाजी पांडोळे यांनी ‘ड्यूक अँड सन्स’ हा कारखाना काढला. पांडोळे हे क्रिकेटपटू होते आणि कारखान्याचे नाव त्यांनी क्रिकेटच्या चेंडूंच्या एका विलायती कंपनीवरून घेतले, हे वाचकांस गमतीचे वाटेल.

आपला सुपे तालुका, म्हणजे आजचा जोयडा, त्या काळी मुंबई इलाख्यातच होता. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. मध्यंतरीच्या जवळजवळ शंभर वर्षांत कायदा, शाळा, नाटक आणि नवी चैन या सगळ्यांचे वारे आपल्याकडे मुंबईहून वाहत होते. १८८८ च्या सुमारास मुरगावहून येणारी पोर्तुगीज मुलखातील रेल्वे घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोहोचली आणि तेथून तिनईघाट-लोंढ्याच्या मार्गाने ती इंग्रजी मुलखाशी जोडली गेली. अरण्याने वेढलेल्या या तालुक्यात बाहेरचा माल येण्याची एक मोठी वाट अशी खुली झाली.

मात्र नवी पेये आपल्या समाजाने सहजासहजी ओठाला लावली नाहीत. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आल्यावरून केवढे वादळ उठले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा गेला, हे सर्वश्रुत आहे. परक्या हाताने भरलेले सोडावॉटरही सोवळ्यातल्या माणसांना संशयास्पदच वाटे. त्या काळी असे पेय घेतल्याने धर्म बुडत होता. आज ते न दिल्याने मान जातो. सव्वाशे वर्षांतील हा प्रवास मोठा आहे. पहिल्या टोकाला आपण आज हसतो. दुसऱ्या टोकाकडे मात्र अद्याप नीट पाहिलेले नाही.

गोटी सोड्याचा काळ आठवला, की एक गोष्ट ध्यानात येते. तो सोडा घरी येत नसे. तो दुकानाच्या फळीशी उभे राहून प्यावा लागे, कारण बाटली परत द्यावयाची असे. बाटली लहान असे. साध्या सोड्यात साखर नसे. फार तर लिंबू पिळून चिमूटभर मीठ घालीत. जत्रेत, बाजारच्या दिवशी किंवा पोट जड झाले असता माणूस तो घेई. थोडक्यात, त्या व्यवहारातच संयमाची सोय होती. तो कोणाला शिकवावा लागत नव्हता.

गोड सोड्याची कथा वेगळी आहे. १८८६ साली अमेरिकेतील अटलांटा शहरी जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने कोका-कोला तयार केले, तेही प्रथम शक्तिवर्धक म्हणूनच. त्याची जुनी प्रसिद्ध बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे १९० मिलिलिटरच्या आसपास होती. आपल्याकडे हे पेय १९५० मध्ये आले. १९७७ साली जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय भांडवलासंबंधीच्या अटी मान्य न करता कंपनी देश सोडून गेली. त्यानंतर सरकारी ‘सत्याहत्तर’, ‘कॅम्पा कोला’ आणि पारले कंपनीचे ‘थम्स अप’ यांचा काळ आला. १९९० मध्ये पेप्सी आली, १९९३ मध्ये कोका-कोला परतले आणि पारलेची पेयेही त्याच कंपनीने विकत घेतली. २००३ च्या सुमारास दोनशे मिलिलिटरची बाटली पाच रुपयांत मिळू लागली आणि खेड्यापाड्यांतील टपरीपर्यंत थंडा पोहोचला. पाठोपाठ परत न द्यावयाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या सर्वत्र झाल्या. पेय दुकानाच्या फळीवरून स्वयंपाकघरात आले ते तेव्हा. बाटली फोडली, की ती संपविलीच पाहिजे, अन्यथा फेस जातो. म्हणून पाहुण्याबरोबर घरची मुलेही पिऊ लागली.

याच काळात आपल्या तालुक्याचे जीवनही पालटले. काळी नदीवर सुपे धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि विस्थापितांची मोठी वस्ती रामनगरला झाली. पायवाटांच्या जागी रस्ते झाले, बसगाड्या आल्या, पुढे घरोघरी दुचाकी आल्या. हे सारे हवेच होते. परंतु गुळाचा खडा ज्या माणसासाठी होता, तो चार कोस चालून येणारा माणूस आता राहिला नाही. आजचा पाहुणा दारात मोटारीतून उतरतो आणि आपण त्याच्यापुढे गुळाच्या कितीतरी पट साखर ठेवतो. श्रम घटले आणि गोडी वाढली. आपल्या पिढीच्या आजारांचे एक मोठे मूळ येथे आहे, असे आम्हांस वाटते.

हिशेब साधा आहे. बहुतेक कोला पेयांत शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा चमचे. दोन लिटरच्या बाटलीत दोनशे ग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत, राहिल्यास अधिक चांगले. एका बाटलीतच ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. दिवसाचे चार चहा त्याखेरीज.

द्रवरूप साखरेचा दोष असा, की ती पोट भरल्याची जाणीव देत नाही. तीस ग्रॅम गूळ कोणी एका बैठकीत खात नाही; पेय मात्र दोन घोटांत संपते आणि जेवणही नित्याइतकेच होते. रक्तातील साखर झपाट्याने वाढते, जादा भाग यकृतात चरबीच्या रूपाने साठू लागतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या एका संशोधनात असे दिसले, की रोज एक-दोन वेळा गोड पेये घेणाऱ्यांना मधुमेहाचा धोका, ती जवळजवळ न घेणाऱ्यांच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी अधिक असतो. दातांचे नुकसान वेगळेच. ही पेये चांगलीच आम्ल असतात. पुन्हापुन्हा घोट घेत राहिल्यास दातांवरचे कठीण आवरण झिजते. कोला नित्य घेणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळल्याचे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने २००६ साली नोंदविले. कोलातील कॅफिनने झोप उडते, ती लहान मुलांची अधिक. ‘बिनसाखरेचा’ प्रकार घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे. साध्या सोड्याला मात्र या पंक्तीत बसवू नये. तो वायू मिसळलेले पाणीच आहे. पोट फुगणे, आम्लपित्त वर येणे हा त्रास ज्यांना आहे त्यांनी तो टाळावा आणि रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ घालू नये, एवढे पथ्य पुरे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रौढांमधील देशाचे प्रमाण ११.४ टक्के, तर आपल्या शेजारच्या, आपल्या अनेकांच्या सोयरिकी असलेल्या गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे सारे पाप सोड्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. आहार, आनुवंशिकता, बैठे जीवन ही कारणे आहेतच. परंतु त्यांपैकी सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण कोणते, असे विचाराल तर ते पेल्यात आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. देशभर खळबळ उडाली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिने संस्थेचे निष्कर्ष मान्य केले. काही दिवस लोकांनी बाटल्यांकडे पाठ फिरविली. पुढे सारे पूर्ववत झाले. त्या गदारोळात आपण अदृश्य विषाची चर्चा केली. उघड उघड घातलेल्या साखरेबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

जगात इतरत्रही हेच घडले आहे. मेक्सिकोच्या चियापास या डोंगराळ प्रांतात सान हुआन चामुला नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील देवळात पूजाविधीत कोका-कोलाच्या बाटल्या वापरल्या जातात. परके पेय रीतिभातीत शिरले, की ते नाकारणे म्हणजे रीत मोडणे ठरते. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. शासकीय सेवेत आयुष्य घालविल्यामुळे कराचे बळ आम्ही कमी लेखीत नाही. पण कराची मर्यादाही आम्हांस ठाऊक आहे. कर दुकानापर्यंत पोहोचतो, पंगतीपर्यंत पोहोचत नाही. कार्यात खर्चाकडे पाहावयाचे नाही, हा तर आपला बाणाच आहे.

म्हणून उपाय यजमानाच्या हाती आहे. आपल्या रानात भिरंडीची झाडे आहेत. उन्हाळ्यात घरोघरी सोले वाळतात. ताक आहे, नाचणीची आंबील आहे, सोलकढी आहे, लिंबाचे पन्हे आहे. ही पेये दारिद्र्याची खूण आहेत, अशी एक समजूत नकळत रुजली आणि बाटली प्रतिष्ठेची झाली. शहरातून येणारे पर्यटक याच तालुक्यातील निवासांत भिरंडीचे सरबत मागून पितात, तेव्हा आपल्याच घरातील मुले त्याला नाक मुरडतात, हे चित्र काही भूषणावह नाही. भिरंडीच्या सरबतातही साखर असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तेथे चमचा घरच्या माणसाच्या हातात असतो. पाहुण्याला मधुमेह आहे हे ठाऊक असले, तर तो हात आखडता घेता येतो. कारखान्यातून भरून आलेल्या बाटलीला पाहुणा कोण, हे माहीत नसते.

आपल्या मंडळाच्या पुढील स्नेहसंमेलनात आणि आपापल्या घरच्या कार्यांत आरंभीचे स्वागत गूळपाणी, ताक किंवा भिरंडीच्या सरबताने करावे, अशी सूचना आम्ही या लेखाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो. ज्याला बाटलीच हवी, त्याने ती अवश्य घ्यावी. पूर्वी घेत तशी, कधीतरी, जत्रेच्या दिवशी. मात्र ‘एक पेला तरी घ्याच’ हा आग्रह आपण सोडावा. पाहुण्याच्या प्रकृतीची चौकशी करून मग त्याच्यापुढे पेला ठेवणे, हाही पाहुणचाराचाच भाग आहे.