रझाकार

हैदराबाद संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या राजकीय संघटनेचे (स्थापना १९२७) सशस्त्र स्वयंसेवक दल. मूळ अरबी ‘रिदा’ म्हणजे संतोष, संमती. फार्सी व उर्दूत त्याचा उच्चार ‘रिझा’ वा ‘रझा’ असा होतो. त्यास ‘करणारा’ या अर्थाचा ‘कार’ हा फार्सी प्रत्यय लागून ‘रझाकार’ म्हणजे स्वखुशीने काम करणारा, हा शब्द सिद्ध झाला. मराठीतील रजा, राजी, राजीनामा हे शब्द याच धातूशी निगडित आहेत.

लातूरचे वकील कासीम रझवी १९४६ मध्ये मजलिसचे अध्यक्ष झाल्यावर दलास उग्र स्वरूप आले. संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणास विरोध करताना रझाकारांनी मराठवाड्यासह संस्थानात लूट, जाळपोळ व हत्या केल्या. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते व ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांचाही ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी खून केला. यावरून या नावाचा संपूर्ण मुस्लिम समाजाशी जोडला जाणारा संबंध निराधार ठरतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर दलावर बंदी घालण्यात आली.

उर्दूत हा शब्द स्वयंसेवक या मूळ अर्थाने आजही रूढ आहे. मराठवाड्यात मात्र तो जुलमाचा पर्याय बनला. पूर्व पाकिस्तानात १९७१ मध्ये लष्कराने उभारलेल्या साहाय्यक दलासही हेच नाव होते. तेथील बंगाली भाषेत त्यास देशद्रोही हा अर्थ प्राप्त झाला.