समूळ छेदाचा सिद्धान्त आणि चिठ्ठीचा कौल

वैद्यकाच्या इतिहासात एखादे विशेषणही दीर्घकाळ राज्य करू शकते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. ही शस्त्रक्रिया पुढे 'रॅडिकल मास्टेक्टॉमी' म्हणून रूढ झाली. 'रॅडिकल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थच 'मूळ' असा आहे. कर्करोग स्तनापासून काखेकडे क्रमाक्रमाने पसरतो. तेव्हा जितके अधिक कापावे, तितका तो समूळ जाईल, अशी यामागची धारणा होती. त्यामुळे स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात. छाती खोलगट होई, हात सुजे. परंतु ती जीव वाचवण्याची किंमत मानली जाई.

हॉल्स्टेड यांना आज दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांच्या शस्त्रक्रियेने त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण खरोखरच घटले होते. उणीव होती ती तुलनेची. कमी कापले असते तर काय झाले असते, याचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीच नव्हते. परिणामी कित्येक दशके 'बाबावाक्यं प्रमाणम्' हाच न्याय चालला.

तो मोडला वैद्यकीय चाचण्यांनी. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रियांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. कोणाला कोणती शस्त्रक्रिया, हे शल्यविशारदाच्या मताने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. पुढे मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून, तर फिशर यांनी १९७६ पासून, स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेचीही अशीच परीक्षा घेतली. या दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले: स्तन राखल्याने आयुर्मान घटत नाही.

मात्र चाचणीने 'कमी तेच बरे' असा नवा मंत्रही दिला नाही. फिशर यांच्या अभ्यासात केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग उलटला. किरणोपचाराची जोड मिळाली तेथे हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. किती कमी पुरेसे आणि किती अपुरे, ही सीमारेषा कोणत्याही अधिकारवाणीला आखता आली नसती.

या इतिहासात दोन प्रकारचे धैर्य दिसते. 'मला ठाऊक नाही' असे रुग्णासमोर म्हणणे शल्यविशारदांना इतके जड गेले, की १९७६ च्या चाचणीसाठी रुग्ण मिळवणे सुरुवातीला अवघड झाले होते. आणि स्वतःच्या देहाविषयीचा निर्णय चिठ्ठीच्या स्वाधीन करणाऱ्या त्या स्त्रिया! त्यांची नावे कोणत्याही शस्त्रक्रियेला मिळाली नाहीत. आज स्तन राखून बऱ्या होणाऱ्या स्त्रिया मात्र त्यांच्याच ऋणात आहेत.