डिस्क स्क्रबिंग

डिस्क स्क्रबिंग ही संगणकावर साठवलेल्या माहितीची नियमित पडताळणी करणारी देखभालीची प्रक्रिया आहे. या प्रक्रियेत डिस्कसंचावरील माहिती संपूर्ण वाचली जाते, ती शाबूत आहे का हे तपासले जाते आणि शक्य असेल तेथे दुसऱ्या प्रतीवरून तिची दुरुस्ती केली जाते. घरगुती सर्व्हरवर एकाच डिस्कसंचावर अनेक आभासी यंत्रे चालत असतील, तर पडताळणीच्या काळात ती लक्षणीय मंदावतात. ही मंदगती बहुधा बिघाडामुळे येत नाही. डिस्कची मर्यादित क्षमता दोन कामांत विभागली गेल्यामुळे ती जाणवते.

पार्श्वभूमी

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून विश्वासार्ह साठवण उभी करण्याची 'रेड' ही संकल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मांडली. या रचनेत एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या डिस्कवरून माहिती पुन्हा उभी करता येते. मात्र त्यासाठी उरलेल्या डिस्क पूर्णपणे वाचता येणे आवश्यक असते.

डिस्कवरील एखादा भाग वाचण्याजोगा उरलेला नसला, तरी तो वाचण्याची वेळ येईपर्यंत हे कोणाच्याच लक्षात येत नाही. अशा दोषांना सुप्त दोष म्हणतात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या तपशीलपत्रकांत, सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे न वाचता येणारा सेक्टर जास्तीत जास्त एक, अशी मर्यादा दिलेली असते. जोडीतील एक डिस्क बंद पडल्यावर दुसरीवर असा दोष आढळला, तर त्या भागातील छायाचित्र किंवा दस्तऐवज कायमचा गमावला जाऊ शकतो. दोन्ही डिस्क सुस्थितीत असतानाच सुप्त दोष शोधून काढणे हा स्क्रबिंगचा मुख्य हेतू आहे.

कार्यपद्धती

पडताळणीची रीत साठवणप्रणालीनुसार बदलते. लिनक्समधील एमडी ही सॉफ्टवेअर रेड प्रणाली डिस्कचा वापरातला व रिकामा असा सर्व भाग वाचते आणि प्रतींची परस्परांशी तुलना करते. दोन प्रतींत फरक आढळला, तरी त्यांपैकी अचूक कोणती हे तिला ठरवता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत विकसित झालेली झेडएफएस प्रणाली प्रत्येक ब्लॉकसोबत चेकसम नोंदवते. त्यामुळे ती फक्त वापरातले ब्लॉक तपासते आणि चुकीची प्रत ओळखून अचूक प्रतीवरून तिची दुरुस्ती करते. बीटीआरएफएस ही प्रणालीही चेकसमचा वापर करते.

या कामाला लागणारा वेळ डिस्कच्या आकारावर व वेगावर अवलंबून असतो. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने अखंड वाचली, तरी सुमारे साडेसात तास लागतात. त्याच वेळी इतर कामे चालू असतील, तर हा कालावधी आणखी वाढतो.

आभासी यंत्रे मंदावण्याची कारणे

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. हवा असलेला भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. हेड योग्य जागी सरकण्यास साधारण आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. यामुळे विखुरलेल्या ठिकाणची छोटी वाचने अशी डिस्क सेकंदाला सुमारे ८० इतकीच करू शकते. सलग वाचनात मात्र हीच डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट किंवा त्याहून अधिक माहिती देते.

स्क्रबिंग हे मुख्यतः सलग वाचन असते, तर आभासी यंत्रांच्या मागण्या छोट्या व विखुरलेल्या असतात. दोन्ही एकाच वेळी आल्या, की हेडला सतत इकडून तिकडे जावे लागते आणि दोन्ही कामांचा वेग घटतो. प्रत्येक आभासी यंत्र स्वतःपुरते क्रमाने वाचत असले, तरी चार-पाच यंत्रांच्या मागण्या एकत्र मिसळल्यावर डिस्कपर्यंत पोहोचताना त्या विस्कळीतच असतात.

डेटाबेससारखे कार्यक्रम नोंद डिस्कवर पक्की उतरल्याची पोच मिळेपर्यंत पुढे सरकत नाहीत. म्हणून थोडासा विलंबही साखळीसारखा वाढत जातो. झेडएफएस व बीटीआरएफएस बदललेला ब्लॉक सामान्यतः नव्या जागी लिहितात. त्यामुळे आभासी यंत्राची मोठी फाइल कालांतराने डिस्कभर विखुरते व ती वाचण्यास अधिक वेळ लागतो. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरते भाग नसल्याने हा परिणाम बराच सौम्य असतो.

लक्षणे व निदान

आभासी यंत्रात लॉगिनला वेळ लागणे, वेबपाने उशिरा उघडणे, कॅमेऱ्याच्या चित्रणात खंड पडणे ही सामान्य लक्षणे होत. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही यंत्रावरील भार जास्त दिसतो, कारण प्रक्रिया डिस्कच्या उत्तराची वाट पाहत थांबलेल्या असतात. एखादी प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अशी अडकून राहिल्यास लिनक्स कर्नल सामान्यतः तशी सूचना नोंदवते.

पडताळणी चालू आहे का, हे आभासी यंत्राच्या आतून कळत नाही. ते यजमान संगणकावरच पाहावे लागते. पडताळणी संपल्यावर वेग पूर्ववत झाला, तर कारण स्पष्ट होते. मंदगती तशीच राहिली, किंवा जोडीतील एकाच डिस्कचा प्रतिसाद इतर डिस्कच्या मानाने फार संथ असला, तर ती डिस्क निकामी होत असण्याची शक्यता तपासावी लागते. काही डिस्क न वाचता येणारा भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहण्यात बरेच सेकंद घालवतात.

उपाय

योग्य वेळ निवडणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. डेबियनमध्ये एमडीची पडताळणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू करण्याची रूढ व्यवस्था आहे. मात्र सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेले असेल, तर रात्री १ वाजताचे काम भारतात सकाळी साडेसहाला सुरू होते आणि त्याचा त्रास दिवसभर होतो. बॅकअप, स्क्रबिंग आणि डिस्कची स्वचाचणी या कामांना वेगवेगळे दिवस देणेही उपयुक्त ठरते.

दुसरा उपाय वेगमर्यादेचा आहे. एमडीमध्ये किमान वेग सेकंदाला १,००० व कमाल २,००,००० किलोबाइट असा मूलतः ठरवलेला असतो. इतर काम चालू असताना ही प्रणाली किमान मर्यादेकडे झुकते. कमाल मर्यादा कमी केल्यास आभासी यंत्रांना मोकळीक मिळते, पण ती फार कमी करणे इष्ट नाही. सेकंदाला केवळ १,००० किलोबाइट या वेगाने ४ टेराबाइटची पडताळणी पूर्ण होण्यास सुमारे दीड महिना लागेल. झेडएफएसमध्ये पडताळणी मध्येच थांबवून नंतर तेथूनच पुढे सुरू करता येते.

आभासी यंत्रे सॉलिड स्टेट डिस्कवर आणि छायाचित्रे, चित्रफिती इत्यादी मोठा साठा हार्ड डिस्कवर ठेवणे हा अधिक टिकाऊ उपाय मानला जातो. यामुळे हार्ड डिस्कच्या पडताळणीचा आभासी यंत्रांच्या कामाशी फारसा संबंध उरत नाही.

मर्यादा

मंदगतीला कंटाळून पडताळणी कायमची बंद केल्यास तात्पुरती सोय होते, पण सुप्त दोष साचत जातात व ते नेमके एखादी डिस्क बंद पडल्यावर उघड होतात. दुसरीकडे, स्क्रबिंग हा बॅकअपचा पर्याय नव्हे. चुकून पुसलेली फाइल, चोरी, आग किंवा संपूर्ण सर्व्हरचा नाश यांपासून ते संरक्षण देत नाही. त्यासाठी स्वतंत्र ठिकाणी ठेवलेली प्रत आवश्यकच असते.