माटुंग्याचा मैलावायू आणि आम्लता

मुंबईचे पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्यात उभ्या राहिलेल्या कुष्ठालयात १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा ज्वालाग्राही वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला. हा वायू विनॉक्सी, म्हणजे हवेवाचून होणाऱ्या किण्वनातून मिळतो; त्यात काही जिवाणू मैल्याच्या गाळाचे सेंद्रिय आम्लांत रूपांतर करतात आणि दुसरे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. मात्र पहिले झपाट्याने वाढणारे व दुसरे संथ असल्यामुळे, ताजा गाळ एकदम जास्त भरल्यास आम्ल साचते, सामू, म्हणजे ७ हा उदासीन बिंदू असलेले आम्लतेचे मोजमाप, ६.५ च्या खाली घसरतो आणि मिथेननिर्मिती मंदावते. हे मोजमाप रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ साली, म्हणजे माटुंग्यानंतर १२ वर्षांनी मांडले. पुढे भरणा कमी करून किंवा चुना मिसळून सामू सावरण्याची रीत रूढ झाली.