झील, पुनरुक्ती आणि रचनाकार

मौखिक काव्याची चर्चा आपल्याकडे बहुधा छापील संहितेच्या आधारे होते. त्यामुळे रचनाकार एकच असतो आणि पुनरुक्ती ही केवळ शोभेची असते, ही दोन गृहीतके न तपासताच स्वीकारली जातात. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज गायन मराठी शाहिरीशेजारी ठेवून पाहिले, तर ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत.

ब्लूजच्या रूढ कडव्यात पहिली ओळ दोनदा गायिली जाते आणि तिसऱ्या ओळीने अर्थ पुरा होतो. शब्द प्रत्येक ओळीच्या कालावकाशाचा जवळजवळ निम्माच भाग व्यापतात. उरलेला भाग वाद्याच्या उत्तरासाठी असतो. १९२८ मध्ये मेम्फिस येथे 'कॅनन्स जग स्टॉम्पर्स' या तिघांच्या संचाचे ध्वनिमुद्रण झाले. गस कॅनन बँजो वाजवता वाजवता गळ्यात अडकवलेल्या भांड्यात फुंकून खर्ज काढी. अ‍ॅश्ली थॉम्पसन गिटारवर आणि नोआ लुईस माउथ ऑर्गनवर होता. अशा मेळात पुनरुक्ती गायकाला तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचण्याची उसंत देते आणि साथीदाराला बोलण्याची जागा देते. संचाचे नाव कॅननचे. परंतु त्याच वर्षी मुद्रित झालेली 'व्हायोला ली ब्लूज' ही रचना लुईसच्या नावावर आहे. म्हणजे साथीदार हाही कवी असू शकतो.

शाहिराच्या हाती डफ, शेजारी तुणतुणे आणि ओळीचा शेवट उचलून लांबविणारा झीलकरी, ही मांडणी याहून फार दूरची नाही. झीलही पुढच्या ओळीसाठी अवकाश निर्माण करते. तिथेच श्रोत्यांचा प्रतिसाद जोखला जातो, ओळ बदलते किंवा वाढते. छापील पोवाड्यात मात्र झील बहुधा गळते, अथवा एखाद्या 'जी'पुरती उरते. अ‍ॅक्वर्थ-शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ चा, तर य. न. केळकरांच्या 'ऐतिहासिक पोवाडे'चा पहिला भाग १९२८ चा. या संग्राहकांचे ऋण मोठे आहे. तथापि मेम्फिसच्या तबकडीने गीताला सुमारे तीन मिनिटांत बसविले, तसेच ग्रंथाने पोवाड्याला एकट्या कवीच्या शब्दांत बसविले.

यावर असा आक्षेप येईल की सादरीकरण तर सर्वच काव्याचे होते. जळोचीशेजारच्या बारामतीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहिले. त्यांच्या आर्या कीर्तनांतून लोकप्रिय केल्या त्या लावणीकार रामजोशींनी. कीर्तनालाही साथ असतेच. पण आर्येचे शब्द साथीची वाट पाहत नाहीत, त्या लेखणीतूनच पूर्ण होऊन येतात. पोवाड्याची गोष्ट वेगळी आहे. रामजोशींसारखा एकच कलावंत दोन्ही क्षेत्रांत वावरतो, तेव्हा 'पंडिती' आणि 'लोक' हा भेद अपुरा पडतो. साथीदाराचा वाटा रचनेच्या आत आहे की बाहेर, हा अधिक मूलभूत भेद होय.

म्हणून मौखिक सामग्री गोळा करणाऱ्या अभ्यासकाने झीलेची नोंद शब्दांइतक्याच काटेकोरपणे करावी आणि डफ, तुणतुणे, झील सांभाळणाऱ्यांची नावे मुख्य गायकाबरोबर लिहावीत. 'शाहीर अमुक आणि पार्टी' या रूढ शब्दप्रयोगातील 'पार्टी' कोण होती, हे न विचारता लिहिलेला शाहिरीचा इतिहास अर्धाच राहतो.