लोकनाट्यातील कृष्णवर्णी सोंगे
लोकनाट्यात वा विधिनाट्यात चेहऱ्यास काळा रंग फासून अथवा काळा मुखवटा धारण करून आणलेली सोंगे. वेषांतर, भयोत्पादन व विनोद ही त्यांची सर्वसाधारण प्रयोजने होत. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे कोकणच्या दशावतारी खेळातील संकासुर (शंखासुर). पूर्वरंगात तो काळ्या वेषात व काळ्या मुखवट्यानिशी येतो. वेद पळविणारा हा दैत्य अखेर विष्णूकडून मारला जातो. तथापि मालवणी बोलीतील विनोदामुळे तो प्रेक्षकांना प्रिय असतो.

नासिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ इ. भागांत व लगतच्या जव्हार-मोखाडा परिसरात होळीनंतर ‘बोहाडा’ हा मुखवट्यांचा उत्सव होतो. संबळाच्या तालावर देवदैत्यांची सोंगे रात्रभर नाचविली जातात. मुखवट्यांची पूजा होते. रावण, महिषासुर यांसारख्या सोंगांचे मुखवटे उग्र असले, तरी देव व दैत्य ही दोन्ही सोंगे मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी इ. जमातींतील लोकच आणतात. त्यामुळे एका समाजाने दुसऱ्याची नक्कल करण्याचा प्रकार येथे नसतो.

दैत्य म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र जुना आहे. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात मत्स्य व शंखासुर यांच्यासह अवतारकथांचा अर्थ आर्य आक्रमक व मूळ रहिवासी यांचा संघर्ष असा लावला. अमेरिकेतील निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना हा ग्रंथ अर्पण केलेला आहे. एकविसाव्या शतकात काही आदिवासी संघटनांनी रावणदहनास विरोध केला, त्यामागेही हीच भूमिका आहे. उलटपक्षी, ऋग्वेदात ‘असुर’ हे विशेषण वरुणादी देवांनाही लावलेले असल्याने, सर्व असुरकथा वंशसंघर्षाच्या मानणे अभ्यासकांना मान्य नाही.

इंग्लंडमधील ‘मॉरिस’ नृत्यात व ‘ममर’ नाट्यांतही चेहरा काळा करीत. ओळख लपविण्याची ती रीत होती, असे तिचे समर्थक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या, निग्रोंची टवाळी करणाऱ्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांचा तिच्यावरील प्रभाव टीकाकार दाखवितात. २०२० मध्ये तेथील मॉरिस संघटनांच्या संयुक्त मंडळाने संपूर्ण चेहरा काळा करण्याची प्रथा सोडण्याचे ठरविले.

केवळ रंगावरून प्रथेचा निवाडा करता येत नाही. श्रीकृष्ण व विठ्ठल सावळेच आहेत आणि नासिकच्या पंचवटीतील रामाची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. मात्र त्याच काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांना १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. देवाच्या काळ्या वर्णास मिळालेला मान माणसांच्या वाट्यास आपोआप येत नाही, असे यावरून दिसते. म्हणून सोंग कोण आणतो, कोणाचे आणतो व कोणासमोर आणतो, यांवरच त्याचा अर्थ ठरतो.